सत्तावीस किलोंचं डोकं

२०१४ साली न्यूयॉर्कमधले मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांचा एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातला हिशेब साधा होता. डोकं ताठ असताना मानेच्या मणक्यांवर साडेचार ते साडेपाच किलोंचा भार येतो. मान १५ अंशांनी पुढे झुकली की तो १२ किलोंवर जातो, ३० अंशांना १८, ४५ अंशांना २२ आणि ६० अंशांना २७. माणूस दिवसाचे दोन ते चार तास फोनमध्ये मान घालून बसतो असं धरलं, तर वर्षाकाठी ७०० ते १४०० तास मान हा जादा भार सोसते, असंही त्यांनी मांडलं होतं.

वैद्यकीय नियतकालिकांतले निबंध सहसा कपाटातच राहतात. हा मात्र जगभर फिरला. ‘तुम्ही मानेवर आठ वर्षांचं मूल घेऊन फिरताय’ अशा थाटाचे मथळे आले. डावीकडून उजवीकडे हळूहळू वाकत जाणारी पाच डोकी आणि प्रत्येकाखाली किलोंचा आकडा, हे चित्र फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत लागलं, शाळांच्या आरोग्य शिबिरांत दाखवलं गेलं. व्हॉट्सॲपवर ते आजही सुप्रभातच्या फुलांपाठोपाठ येतं आणि आपण ते मान ४५ अंशांत वाकवूनच वाचतो.

‘टेक्स्ट नेक’ हे नाव त्याच्या काही वर्षं आधी अमेरिकेतल्या एका कायरोप्रॅक्टरने (हाताने मणके बसवणाऱ्या उपचारकाने) रूढ केलं होतं. नाव होतंच, आता आकडाही मिळाला. फोनमुळे मान झिजते ही गोष्ट तेव्हापासून इतक्या ठामपणे सांगितली जाते, की तिच्याकडे पुन्हा वळून पाहावं असं फारसं कुणाला वाटत नाही. वळून पाहायला हवं, कारण २७ किलोंचा आकडा खोटा नसला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष बराच घाईचा आहे.

आधी आकडा. डोकं तर पाच किलोंचंच, मग २७ किलो येतात कुठून? पाण्याने भरलेली बादली अंगालगत धरली तर फारसं काही वाटत नाही. तीच हात लांब करून धरली की अर्ध्या मिनिटात खांदा भरून येतो. बादलीचं वजन तेवढंच असतं, टेकूपासूनचं अंतर वाढलेलं असतं. डोक्याचंही तेच होतं. ताठ बसलेलं असताना त्याचं वजन जवळजवळ सरळ मणक्यांवर उतरतं. मान पुढे झुकली की डोकं टेकूपासून दूर जातं आणि ते खाली पडू नये म्हणून मानेमागच्या स्नायूंना मागून ओढून धरावं लागतं. ही ओढ मणक्यांना एकमेकांवर दाबते. २७ किलोंतला मोठा वाटा डोक्याचा नाहीच, तो आपल्याच स्नायूंच्या ओढीचा आहे. आकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते: सगळ्यात मोठी उडी पहिल्याच १५ अंशांत आहे. म्हणजे अगदी माफक, कुणाच्या लक्षातही न येणारा झुकावही भार दुपटीच्या वर नेतो.

डोकं ताठ असतानाही तसं पूर्ण तोललेलं नसतंच. त्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित पुढे असतो. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये बसल्या बसल्या डुलकी लागलेला माणूस पाहावा. त्याचं डोकं बहुतेक वेळा पुढेच, छातीवर पडतं. स्नायूंनी पकड सोडली की डोकं आपल्या वजनाने पुढे जातं. आपण जागे असतो तोवर मानेमागचे स्नायू थोडेफार कामावर असतातच. फोन त्यांचं काम वाढवतो, नवं काम देत नाही.

आणि मान कशासाठी घडली आहे हेही लक्षात घ्यावं. माणसाच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या मानेतही सातच. पण पाठीच्या कण्याचा एवढा हलता भाग दुसरा नाही. ‘हो’ म्हणताना डोकं हलतं ते मुख्यतः कवटी आणि पहिला मणका यांच्यामधल्या सांध्यात. ‘नाही’ म्हणताना जवळजवळ निम्मं वळणं पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये होतं. त्याखालचे मणके वाकणं, वळणं, कलणं थोडं थोडं वाटून घेतात. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एकेक चकती असते, जिला आपण बोलताना गादी म्हणतो. मागे सांध्यांच्या दोन ओळी, त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, आणि वरून स्नायूंचे थर. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस सगळ्यांत वरचा. त्याच्याखाली लेव्हेटर स्कॅप्युली, मानेच्या वरच्या मणक्यांपासून फऱ्याच्या वरच्या आतल्या टोकापर्यंत उतरणारा. दिवसभर काम करून आलेला माणूस खांद्याच्या मागे जिथे अंगठा दाबून ‘इथे बघ, इथे गाठ झाल्यासारखं लागतंय’ म्हणतो, ते बहुधा याच स्नायूचं खालचं टोक. वाकणं हे या रचनेच्या दृष्टीने संकट नाही. चुलीपुढे, शेतात, पाट्यावर आणि पाटीवर माणूस पिढ्यानपिढ्या वाकतच आला आहे.

आता हंसराज यांच्या हिशेबात काय नव्हतं ते पाहू. तो संगणकावर उभ्या केलेल्या मानेच्या प्रतिकृतीचा हिशेब होता. त्यात कुणाची मान मोजली नव्हती, कुणाला ‘दुखतं का?’ असं विचारलं नव्हतं. जिवंत मान प्रतिकृतीपेक्षा चतुर असते. ती फार पुढे झुकली की बऱ्याच लोकांत मागचे स्नायू काम सोडून देतात आणि भार अस्थिबंधांवर टाकतात. ताणून धरलेले अस्थिबंध हळूहळू सैलावतात, म्हणून बराच वेळ खाली पाहून मान वर केली की क्षणभर ती आपली वाटत नाही. अमेरिकेत टॅब्लेट वापरणाऱ्या लोकांचे एक्स-रे काढून केलेल्या एका अभ्यासात मानेच्या स्नायूंवरची मागणी ताठ स्थितीच्या तीन ते पाच पट निघाली. म्हणजे जादा भार खराच आहे. प्रश्न असा, की भार म्हणजे इजा का?

मुंबईचा डबेवाला लाकडी खोक्यात पस्तीस-चाळीस डबे रचून ते डोक्यावर घेतो आणि दादर स्टेशनचा जिना चढतो. ते ओझं २७ किलोंहून खूप जास्त असतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन येतात. त्याने काहीच होत नाही असं म्हणणं क्रूरपणाचं होईल. पण २७ या आकड्याने मान मोडते असं मानायचं, तर या माणसांच्या माना कधीच मोडायला हव्या होत्या.

मग ज्यांनी खरोखर माणसं तपासली त्यांना काय दिसलं? ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोच्या एका शाळेतल्या १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांचे फोनवर टाइप करताना फोटो काढले गेले. फिजिओथेरपिस्टनी ते पाहून कुणाची बसण्याची ढब ‘टेक्स्ट नेक’ची आहे ते ठरवलं, आणि वेगळं विचारलं गेलं की मान कुणाची दुखते. दोन्ही याद्यांचा मेळ बसला नाही. वाकून बसणाऱ्यांची मान जास्त दुखत नव्हती, ताठ बसणाऱ्यांची कमी दुखत नव्हती. हा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात १७ वर्षांच्या १,१०८ मुलामुलींची बसण्याची पद्धत मोजून त्यांचे गट पाडले गेले. पोक काढून, डोकं पुढे काढून बसणारा गट वेगळा निघाला, पण मानदुखीत तो वेगळा नव्हता. त्या गटात उदासीनतेची लक्षणं मात्र थोडी जास्त होती. माझ्या मते ही नोंद फार बोलकी आहे. ‘ताठ बस’ म्हणून ओरडण्याआधी मूल असं का बसलंय, हे विचारायला ती सांगते.

स्वीडनमध्ये २० ते २४ वयाच्या ७,०९२ तरुणांचा पाच वर्षं मागोवा घेतला गेला. एकाच वेळी पाहिलं तर जास्त मेसेज टाइप करणाऱ्यांत मान आणि पाठीचा वरचा भाग दुखण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या. अशा एकवेळच्या पाहण्या जगभर खूप झाल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशांचं उत्तर असंच येतं. अडचण अशी, की फोनमुळे मान दुखते की मान दुखणारा, झोप न येणारा, घरात बसून राहणारा माणूस फोन जास्त पाहतो, हे त्यातून कळत नाही. स्वीडनमधल्या अभ्यासाचा जीव पुढच्या वर्षांत आहे. सुरुवातीला ज्यांना काहीच त्रास नव्हता, त्यांच्यात मेसेज आणि नवी मानदुखी यांचा धागा सापडला नाही. हाताबोटांना मुंग्या येणं, बधिरपणा यांच्याशी मात्र तो सापडला. म्हणजे फोनचा काही दोष असेलच, तर तो अंगठ्यात आणि मनगटात आधी शोधावा.

सगळ्यांत मोठी मोजणी जागतिक आजारभाराची आहे. तिच्या हिशेबाने २०२० मध्ये जगात २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती. संख्या प्रचंड आहे, आणि पुरुषांपेक्षा बायकांत ती जास्त. पण वयाचा फरक काढून टाकून पाहिलं तर १९९० ते २०२० या तीस वर्षांत मानदुखीचं प्रमाण जवळजवळ हललेलंच नाही. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, आयफोन २००७ मध्ये आला, आणि २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे फोन आपल्याकडे वाडीवस्तीवर पोचला. एवढी उलथापालथ झाली आणि मानदुखीची रेघ तशीच आडवी. अनेक देशांत ही मोजणी विरळ आहे, त्यामुळे तिच्यावर सगळा भरवसा टाकू नये. पण फोनने मानेची साथ आणली असती तर तिची थोडीतरी चढण दिसायला हवी होती.

अशा वेळी एका बातमीचा उल्लेख करावासा वाटतो, कारण भीती कशी तयार होते हे तिच्यात स्वच्छ दिसतं. २०१९ च्या जूनमध्ये ‘तरुणांच्या कवटीला फोनमुळे शिंगं फुटताहेत’ अशी बातमी जगभर पसरली. मूळ निबंध ऑस्ट्रेलियातल्या सनशाइन कोस्ट विद्यापीठातल्या दोघांचा, आदल्या वर्षी छापलेला. कवटीच्या मागे, जिथे मान सुरू होते तिथे, एक हाडाचा उंचवटा असतो. बोट फिरवलं तर अनेकांना तो लागतो. एक्स-रेंमध्ये तरुणांत तो मोठा दिसला, असा त्यांचा दावा होता. कुणी किती फोन वापरतो हे त्यांनी विचारलंच नव्हतं. फोन हा केवळ त्यांचा तर्क होता. निबंधाच्या एका लेखकाचा बसण्याची ढब सुधारणारी उशी विकण्याचा उद्योगही होता, तो निबंधात सांगितला नव्हता. टीका झाली आणि सप्टेंबरमध्ये नियतकालिकाने दुरुस्ती छापली. दुरुस्तीला तेवढे मथळे मिळाले नाहीत.

एवढं सगळं वाचून फोनला निर्दोष सोडावं का? नाही. फक्त त्याच्यावरचं कलम बदलावं लागेल. मानेचा कोन हा खरा गुन्हा नाही. न हलणं हा आहे.

सोलापुरात विडी वळणाऱ्या बाया पाहिल्या की हे पटतं. मांडीत सूप, सुपात तेंदूची भिजवून मऊ केलेली पानं आणि तंबाखू. मापाने पान कातरायचं, चिमटीने तंबाखू भरायचा, दोन्ही हातांच्या बोटांत वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे, म्हणून नजर सुपावरून हटत नाही. डोकं खाली, कोपरं अंगाशी, खांदे पुढे. हलतात फक्त बोटं. रस्त्यावरच्या पोराच्या हातातला फोन काढून तिथे सूप ठेवलं तर ढब तीच राहील. मान, खांदे आणि पाठ दुखणं ही या बायकांची जुनी तक्रार आहे. फोनच्या कितीतरी आधीची. येवल्याचा पैठणी विणकर, सराफकट्ट्यावरचा कारागीर, घड्याळजी यांचंही तेच.

इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या आजारांवर १७०० मध्ये ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत त्याला पुरवणी जोडली. तिच्यात त्यांनी लेखनिक आणि कारकुनांच्या दुखण्यांची तीन कारणं दिली आहेत: सतत बसून राहणं, हाताची एकाच पद्धतीची न थांबणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांपूर्वीचं हे निदान आज फोनवर ऑफिसचे मेसेज संपवणाऱ्या माणसाला एकही शब्द न बदलता लागू पडतं. त्यांच्या तीन कारणांत मानेचा कोन नाही.

न हलण्याने नेमकं काय होतं, यावर १९९१ मध्ये स्वीडनच्या योरान हेग यांनी एक कल्पना मांडली. स्नायू म्हणजे हजारो तंतूंचे छोटे छोटे गट. हलकं काम आलं की सगळे गट उठत नाहीत. काही ठरावीक लहान गट आधी कामाला लागतात आणि सगळ्यांत शेवटी सुटतात. काम जड असेल तर आपण लवकर थकून थांबतो, म्हणून त्यांनाही विश्रांती मिळते. काम हलकं पण अखंड असेल तर आपल्याला थकवा जाणवत नाही, आणि हे थोडेसे तंतू तासन्‌तास राबत राहतात. सिंड्रेला घरात सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर झोपायची, म्हणून हेग यांनी तिचंच नाव या कल्पनेला दिलं. पाच किलोंचं डोकं धरून ठेवणं हे असंच हलकं, अखंड काम आहे. ही कल्पना सगळ्या मानदुखीचं उत्तर देते असं नाही, पण नव्वद किलो उचलणारा पैलवान आणि दिवसभर माउस हलवणारा कारकून यांच्यात मान कारकुनाचीच का दुखते, हे तिच्यामुळे थोडं उलगडतं.

इथे फोन पुस्तकापेक्षा वेगळा पडतो. वाचनवेडा माणूसही मान खाली घालूनच वाचतो. पण पान उलटावं लागतं, प्रकरण संपतं, डोळ्यांवरची पकड सुटते, चहा आठवतो. लोकलमध्ये वर्तमानपत्र वाचायचं म्हणजे चौघडी घडी करून, पान संपलं की शेजाऱ्याला कोपर न लावता ती घडी उलटायची; सांताक्रूझपासून चर्चगेटपर्यंत हात, खांदे, मान अधूनमधून हलतच असत. फोनवर असं काही होत नाही. अझा रास्किन यांनी २००६ मध्ये खाली सरकवत राहिलं की आपोआप पुढचा मजकूर येत जाणारी रचना तयार केली आणि पानाचा शेवटच गेला. आज चौथ्या सीटवर अर्धा लटकून बसलेला माणूस पाहिला तर त्याचा एक पाय पॅसेजमध्ये, एक हात वरच्या कडीला, आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर अंगठा. अंगठा वर जातो, खाली येतो. बाकी शरीर बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत जसंच्या तसं. श्वाससुद्धा वरवरचा. विडीवालीला निदान सुपातली पानं संपली की उठावं लागतं.

आणि सूप कोणी अंथरुणात घेऊन झोपत नाही. रात्री दिवा मालवल्यावरची फोनची वेळ मानेला दुहेरी महागात पडते. दोन उशा डोक्याखाली, हनुवटी छातीला टेकलेली, छातीवर फोन, ही ढब वाईट आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे तिने खाल्लेली झोप. अपुऱ्या झोपेने वेदना सोसण्याची ताकद कमी होते, हे आता चांगलं माहीत आहे. दहावी-बारावीच्या वर्षात मुलांच्या माना अचानक का दुखू लागतात? डोक्यावर परीक्षा असते, खेळ बंद झालेला असतो, झोप उडालेली असते, आणि हातात पुस्तक आणि फोन आळीपाळीने असतात. यातला फोन तेवढा घरच्यांच्या नजरेत भरतो.

मान दुखली की आपल्याकडे पहिली धाव एक्स-रेकडे, दुसरी एमआरआयकडे. रिपोर्टात ‘मानेचा नैसर्गिक बाक सरळ झाला आहे’, ‘दोन ठिकाणी चकती फुगली आहे’ अशी वाक्यं येतात आणि तीस वर्षांच्या तरुणाला वाटतं, आपलं संपलं. जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या ८७.६ टक्क्यांत चकती फुगलेली दिसली. विशीतल्या निरोगी माणसांतही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं. मान सरळ दिसणंही न दुखणाऱ्या लोकांत सहज सापडतं. एक्स-रे काढताना हनुवटी कशी धरली यावरही ते ठरतं. रिपोर्टातल्या ओळी म्हणजे बऱ्याचदा वयाच्या खुणा असतात. पण त्या एकदा वाचल्या की माणूस मान जपायला लागतो: वळायचं तर आख्ख्या अंगाने वळतो, ओझं उचलत नाही, आणि गळ्यात मानेचा पट्टा अडकवून महिनोन्‌महिने हिंडतो. अपघातात हाड मोडलं असेल तर पट्टा हवाच. साध्या मानदुखीत तो फार दिवस वापरला तर मानेला आणखी न हलायला शिकवतो. दुखण्याचं मूळ तेच, आणि औषधही तेच!

करायचं काय, याचा एक चांगला पुरावा डेन्मार्कमधून आला. मान आणि खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांचे २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात तीन गट केले होते. एका गटाने रबरी पट्टा पायाखाली धरून दोन्ही हात बाजूंनी खांद्याइतके वर उचलण्याचा एकच व्यायाम रोज १२ मिनिटं केला, दुसऱ्याने फक्त २ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. तिसऱ्या गटाला आरोग्याची माहिती तेवढी मिळत होती. दोन्ही व्यायामगटांचं दुखणं तिसऱ्या गटापेक्षा चांगलंच उतरलं. दोन मिनिटांच्या गटालाही फायदा झाला, आणि तो बारा मिनिटांवाल्यांच्या फार मागे नव्हता. त्यांच्या व्यायामात ‘ताठ बसा’चा धडा नव्हता. स्नायूंना जड काम द्या, मग हलकं काम त्यांना जड जात नाही. खेळाच्या सामानाच्या दुकानात असा पट्टा काहीशे रुपयांत मिळतो, आणि एखादा फिजिओथेरपिस्ट एका भेटीत तो वापरायला शिकवू शकतो.

फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा, हा सल्ला सगळीकडे दिला जातो. करून पाहावा, दीड-दोन मिनिटांत दंड दुखायला लागतो आणि फोन पोटाशी येतो. त्यापेक्षा कोपर दुसऱ्या हाताच्या आधाराने छातीला टेकवावं, किंवा टेबलावर कोपरं ठेवावीत. फोन आपोआप वर येतो आणि कोन कमी होतो. चाळिशीनंतर यात आणखी एक गुंता आहे. ज्यांच्या चष्म्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला तर अक्षरं धूसर दिसतात. मग ते हनुवटी वर करून, मान मागे टाकून वाचतात, आणि ही ढब पुढे वाकण्याहून त्रासदायक ठरते. अशा माणसाने फोन खालीच धरावा, अक्षरं मोठी करावीत आणि फार वाचायचं असेल तर फक्त जवळचा चष्मा वेगळा करून घ्यावा. लांब मजकूर टाइप करण्याऐवजी बोलून पाठवता येतो. मराठीत आता फोन बऱ्यापैकी ऐकतो. व्हॉइस मेसेज ऐकताना उठून चालता येतं. आपली आजची बसण्याची ढब कितीही सुंदर असली तरी अर्ध्या तासाने ती मोडावी. पोक काढून बसावंसं वाटलं तर खुशाल बसावं, फक्त तसंच बसून राहू नये.

एक गोष्ट मात्र करू नये. केस कापून झाल्यावर न्हावी चंपी करतो, आणि मग एका हाताने हनुवटी, दुसऱ्याने डोक्याची मागची बाजू धरून कटकन झटका देतो. आवाज आला की बरं वाटतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर जातात. जोराच्या झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते आणि ती वर सरकली तर अर्धांगवायू होतो. हे क्वचित घडतं, पण ज्यांच्याबाबत घडलं त्यांत धडधाकट तरुणही आहेत. चंपी अवश्य घ्यावी. मान देऊ नये.

साधी मानदुखी, आखडलेली मान, खांद्यातली कळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत उतरते. काही खुणा मात्र निराळ्या. दुखणं खांद्यातून हातात उतरून बोटांना मुंग्या येत असतील आणि हाताची पकड सैल वाटत असेल, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकत असतील, चालताना तोल जात असेल किंवा पाय जड वाटत असतील, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मज्जारज्जूवर किंवा त्यातून निघणाऱ्या चेतातंतूंवर दाब आला असण्याची शक्यता असते. ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा पडल्यानंतर सुरू झालेली कळ यांकडेही दुर्लक्ष करू नये; आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून भेटतो. अशा वेळी कोन, उशी, पट्टा, व्यायाम सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन गाठावा. बटणं चुकायला लागली असतील किंवा लघवी कळेनाशी झाली असेल तर त्याच दिवशी.